गांजाची पुडी सापडली, तर कुठे जायचे? पोलीस ठाण्यात की दवाखान्यात?

वस्तीत एखाद्या पोराच्या खिशात गांजाची पुडी सापडली की घरात बहुधा दोनच गोष्टी होतात. एक तर मारझोड होते, नाहीतर झाकपाक होते. बाप हात उगारतो, आई पुडी मोरीत टाकून देते आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून सगळे गप्प बसतात. याला दवाखान्यात दाखवावे, असे फार थोड्यांना सुचते. आणि घरच्यांच्या आधी पोलिसांना पुडी सापडली, तर प्रकरण थेट कोर्टात जाते.

नशा करणाऱ्याला गुन्हेगार समजायचे की उपचाराची गरज असलेला माणूस, हा प्रश्न आज अनेक देशांच्या आरोग्य धोरणात चर्चेला आहे. आपल्या देशातही आहे. या चर्चेत दोन इंग्रजी शब्द वारंवार येतात : ‘डिक्रिमिनलायझेशन’ आणि ‘हार्म रिडक्शन’. त्यांचा अर्थ काय, आजचा कायदा काय म्हणतो आणि आपल्या घरातल्या पोराला त्यातून काय मिळू शकते, हे या वेळच्या आरोग्य पानात समजून घेऊ.

एक झाड, तीन पदार्थ

भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही एकाच झाडापासून मिळतात. पाने वाटून भांग होते. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे वाळवले की गांजा होतो. त्या फुलोऱ्यावरची चिकट राळ गोळा केली की चरस. नशा आणणाऱ्या द्रव्याला टीएचसी म्हणतात. ते पानांत कमी, शेंड्यांत जास्त आणि राळेत आणखी जास्त असते.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, म्हणजे ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो त्याने, गांजा आणि चरस यांवर बंदी घातली. शेंड्यांशिवाय असलेली पाने आणि बिया मात्र या बंदीतून वगळल्या. म्हणून भांगेला एनडीपीएस लागत नाही, तिथे राज्याचे नियम लागतात. झाड तेच, पण सणाला भांग पिणारा एका बाजूला आणि चिलीम ओढणारा दुसऱ्या बाजूला, अशी ही रेघ आहे.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात या झाडाचा कोणता ना कोणता पदार्थ घेतला होता. त्यातले सुमारे २ कोटी २० लाख भांग घेणारे आणि सुमारे १ कोटी ३० लाख गांजा-चरस घेणारे होते (काही जण दोन्ही घेतात). याच पाहणीत दारू पिणारे सुमारे १६ कोटी निघाले. म्हणजे व्यसनाचा सगळ्यात मोठा बोजा आजही दारूचाच आहे, हे विसरून चालणार नाही.

शरीराला नेमके काय होते?

गांजाबद्दल दोन टोकाच्या गोष्टी ऐकू येतात. एक म्हणजे ‘गांजा ही तर झाडाची पाने, त्याने काही होत नाही.’ दुसरी म्हणजे ‘एकदा ओढला की पोरगा हातचा गेला.’ दोन्ही खऱ्या नाहीत.

गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, जास्त झाली तर श्वास थांबून माणूस दगावतो. गांजाने तसे सहसा होत नाही. गांजा ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचे व्यसनही जडत नाही. साधारण दहातल्या एकाला जडते. पण ज्यांनी कोवळ्या वयात, शाळा-कॉलेजात सुरुवात केली, त्यांच्यात हे प्रमाण वाढून सहातला एक इतके होते. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. वाढीच्या वयात रोज नशा केली तर लक्ष लागत नाही, पाठांतर राहत नाही आणि अभ्यास मागे पडतो. शिक्षणाच्या बळावर वर येऊ पाहणाऱ्या आपल्या घरांसाठी हे नुकसान मोठे आहे.

दुसरा धोका मनाच्या आजाराचा. जोरदार गांजा किंवा चरस रोज ओढणाऱ्या काही जणांना कानात आवाज येणे, कोणीतरी मागावर आहे असे वाटणे, अशी लक्षणे दिसतात. घरात आधी कोणाला असा मानसिक आजार असेल तर धोका आणखी वाढतो. गरोदर बाईने गांजा ओढला तर बाळ कमी वजनाचे जन्मू शकते. आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढतात, त्यामुळे तंबाखूचे सगळे तोटेही सोबत येतात.

रोज ओढणाऱ्याने अचानक सोडला तर एक-दोन दिवसांत चिडचिड, झोप न लागणे, भूक मरणे, घाम येणे असा त्रास सुरू होतो. पहिल्या आठवड्यात तो जास्त असतो आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. या दिवसांत पोरगा उद्धट वागतो म्हणून घरचे त्याला बडवतात, आणि तो पुन्हा चिलमीकडे जातो. त्रास कशाचा आहे हे घरच्यांना माहीत असेल तर ते दिवस निभावून नेता येतात.

कायदा काय म्हणतो?

एनडीपीएस कायद्यात शिक्षा किती, हे मुख्यतः वजनावर ठरते. गांजा १ किलोपर्यंत आणि चरस १०० ग्रॅमपर्यंत असेल तर ती ‘अल्प मात्रा’. गांजा २० किलो आणि चरस १ किलो यांच्या वर गेले की ‘व्यापारी मात्रा’.

अल्प मात्रा जवळ सापडली तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नुसते सेवन केल्याबद्दल कलम २७ लागते. गांजाच्या बाबतीत त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. अल्प आणि व्यापारी यांच्या मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. व्यापारी मात्रेला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षे आहेत.

हा कायदा मोठ्या तस्करांसाठी केला, असे आपण ऐकतो. प्रत्यक्षात सापडतो कोण? विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतले २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांचे एनडीपीएस खटले तपासले आणि २०२० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. दहा हजारांहून जास्त खटले होते. त्यातले जवळजवळ सगळे स्वतःच्या सेवनाचे होते आणि सुमारे ८७ टक्के फक्त गांजा-चरसाचे. जवळजवळ प्रत्येक खटल्यात आरोपी दोषी ठरला, कारण लोकांनी गुन्हा कबूल केला. या कारवाईचा भार रोजंदारीवर जगणाऱ्या, झोपडपट्टीत आणि फुटपाथवर राहणाऱ्या माणसांवर जास्त पडतो, हेही या अभ्यासाने दाखवले.

याचे कारण समजायला अवघड नाही. बंगल्यात, बंद दाराआड ओढणाऱ्याकडे गस्तीचा पोलीस पोचत नाही. वस्तीतल्या पोराला घरात एकांत नाही. तो पुलाखाली, रेल्वेच्या भिंतीला, मैदानाच्या कोपऱ्यात बसतो आणि तिथेच सापडतो. वकिलाला पैसे नसतात, खाडा परवडत नाही. मग ‘कबूल कर आणि दंड भरून मोकळा हो’ हा सल्ला सोपा वाटतो. पण शिक्षेची नोंद राहते. पुढे सरकारी नोकरीची, सिक्युरिटीच्या कामाची चारित्र्य पडताळणी आली की ती नोंद समोर येऊन उभी राहते. गांजा सुटला तरी ही नोंद सुटत नाही.

गुन्ह्यातून वगळणे म्हणजे दुकान उघडणे नव्हे

‘डिक्रिमिनलायझेशन’ म्हणजे स्वतःच्या वापरापुरते थोडे अमली पदार्थ जवळ असणे किंवा त्याचे सेवन करणे, याला फौजदारी गुन्हा न मानणे. विकणारा, साठा करणारा, पोरांना चटक लावणारा मात्र गुन्हेगारच राहतो. दुकानातून खुली विक्री करू देणे ही वेगळी गोष्ट आहे, तिला कायदेशीर मान्यता म्हणजे ‘लीगलायझेशन’ म्हणतात. या दोन गोष्टींची गल्लत झाली की चर्चा भरकटते.

पोर्तुगालचे उदाहरण घ्या. तिथे १९९० च्या दशकात हेरॉइनने हाहाकार केला होता आणि सुया वाटून घेतल्याने एचआयव्ही पसरत होता. त्या देशाने कायदा बदलला आणि तो १ जुलै २००१ पासून लागू झाला. साधारण दहा दिवसांच्या वापरापुरता माल जवळ असेल (गांजासाठी ही मर्यादा २५ ग्रॅम आहे) तर तो गुन्हा नाही, नियमभंग मानला जातो. पोलीस माल जप्त करतात आणि त्या माणसाला एका तीन जणांच्या समितीपुढे पाठवतात. या समित्या आरोग्य खात्याच्या अखत्यारीत काम करतात, आणि त्यांत कायदा, आरोग्य आणि समाजकार्य यांची माहिती असलेली माणसे असतात. व्यसन असेल तर उपचार सुचवतात, नसेल तर बहुधा समज देऊन सोडतात. विकणाऱ्याला तुरुंग आहेच.

परिणाम काय झाला? सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची नवी लागण त्या काळी वर्षाला हजाराच्या वर होती, ती पुढे शंभराच्या आत आली. पण हे नुसत्या कायद्याने झाले नाही. कायद्यासोबत सरकारने उपचार केंद्रे, औषधे आणि वस्त्यांमध्ये फिरणारे कार्यकर्ते यांवर पैसा घातला. २०१२ नंतर त्या यंत्रणेची मोडतोड झाली, पैसा आटला आणि तिथल्या शहरांत तक्रारी पुन्हा वाढू लागल्या.

दुसरीकडे थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण विक्रीचे धड नियम आधी केले नाहीत. गल्लोगल्ली दुकाने निघाली, तरुण पोरांना गांजा सहज मिळू लागला. शेवटी २०२५ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीला मनाई करावी लागली. या दोन देशांकडून एकच गोष्ट शिकायची. शिक्षा कमी करायची तर दवाखाना आधी उभा पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढले. त्या मतदानात भारताने काढण्याच्या बाजूने मत दिले. २०२१ मध्ये आपल्या सामाजिक न्याय मंत्रालयाने थोड्या मात्रेला गुन्ह्यातून वगळण्याची सूचना केल्याच्या बातम्या आल्या होत्या. पण कायदा बदललेला नाही. आजही गांजा जवळ असणे हा गुन्हाच आहे, हे प्रत्येक पोराला स्पष्ट सांगितले पाहिजे.

हानी कमी करणे : हे आपल्याकडे आधीच चालू आहे

‘हार्म रिडक्शन’ म्हणजे हानी कमी करणे. व्यसन सुटणे हे ध्येय आहेच, पण ते सुटेपर्यंत माणूस जिवंत राहावा, आणखी आजार जडू नयेत, घर मोडू नये, यासाठी जे करायचे ते सगळे यात येते.

सुईने नशा करणाऱ्यांना राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यक्रमातून नव्या सुया मिळतात आणि गर्दच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन हे औषध मिळते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशा कामाला संरक्षणही दिले. नवी सुई दिली म्हणून कार्यकर्त्यावर गुन्हा लावता येत नाही. म्हणजे गर्दच्या बाबतीत सरकारने आरोग्याचा रस्ता धरला, पण त्याहून कमी घातक गांजाच्या बाबतीत गरिबाच्या वाट्याला अजून मुख्यतः पोलीसच येतात. २०१९ च्या त्याच पाहणीनुसार बेकायदा अमली पदार्थांच्या व्यसनात अडकलेल्या वीस जणांपैकी फक्त एकाला कधी दाखल होऊन उपचार मिळाले होते.

गांजासाठी हानी कमी करण्याचे गोळ्या-औषध नाही. इथे माहिती आणि समुपदेशन हेच मुख्य साधन आहे. न ओढणे सगळ्यात चांगले. पण जो आज लगेच सोडणार नाही, त्याला निदान इतके तरी सांगावे :

• दारू किंवा झोपेच्या गोळ्या (‘बटन’) यांच्यासोबत गांजा घेऊ नये.
• ओढून रिक्षा, बाईक चालवू नये. परांचीवर, उंचीवर, मशीनवर काम करू नये.
• एकच चिलीम सगळ्यांनी तोंडाला लावू नये. कोंदट खोलीत घोळक्याने ओढताना टीबीचा धोकाही असतो.
• धूर छातीत धरून ठेवू नये. त्याने नशा फारशी वाढत नाही, फुप्फुसाला त्रास मात्र वाढतो.
• भांग खाल्ली-प्यायली तर परिणाम अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत उशिरा येतो. ‘चढली नाही’ म्हणून आणखी घेऊ नये.
• घरात मानसिक आजार असेल, किंवा ओढल्यावर संशय, भास होत असतील, तर पूर्ण बंद करावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

मग पाचव्या शीलाचे काय?

काही वाचक विचारतील : आपण पंचशील घेतले आहे. मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे वचन त्यात आहे. मग नशा करणाऱ्याला शिक्षा नको असे म्हणणे त्याच्याशी जुळते का?

शील आपण स्वतः घेतो, समजून घेतो. ते कोणी पोलीस लावून आपल्याकडून पाळून घेत नाही. ज्याचे पाऊल घसरले त्याला पुन्हा उभे राहायला मदत करणे शीलाच्या विरोधात कसे जाईल? आणि हे शील गांजाइतकेच दारूलाही लागते. संविधानाचे ४७ वे कलम पाहा. दारू आणि घातक अमली पदार्थ यांच्या बंदीसाठी राज्याने झटावे असे ते सांगते. पण त्याच कलमात आधी लोकांचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले आहे. म्हणजे संविधानानेही नशेचा प्रश्न आरोग्याच्या घरातच ठेवला आहे.

आजच्या कायद्यात आपल्या हातात काय आहे?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. आजच्या कायद्यातही काही दारे उघडी आहेत, पण वस्तीत ती फार कमी लोकांना माहीत असतात.

कलम ६४-अ : व्यसन जडलेला माणूस सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या आरोपात असेल आणि त्याने स्वखुशीने सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार मागितले, तर त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढून घेता येते.

कलम ३९ : अशा माणसाला दोषी ठरवल्यावरही न्यायालय लगेच शिक्षा न देता, त्याच्या संमतीने उपचारासाठी सोडू शकते.

ही दोन्ही कलमे व्यसन जडलेल्यांसाठी आहेत. अधूनमधून ओढणाऱ्याला त्यांचा आधार मिळणे कठीण, ही कायद्यातली मोठी उणीव आहे. मात्र कलम २७ खाली दोषी ठरलेल्याला प्रोबेशनवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची वाट कलम ३३ ने खुली ठेवली आहे. प्रोबेशन मिळाले तर शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. दंड भरून मोकळे होण्याआधी वकिलाला हे नक्की विचारा.

अंगझडती : कलम ५० नुसार राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घ्या, असे सांगण्याचा हक्क आहे. बाईची झडती बाईच घेईल.

अल्पवयीन मूल : अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. त्याला बाल न्याय मंडळासमोर न्यावे लागते. उलट, मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला किंवा त्याच्याकडून पुड्या विकून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

मोफत वकील : अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, कोणत्याही स्त्रीला आणि कोठडीत असलेल्या कोणालाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून जातीचा दाखला घरात तयार ठेवा. जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

घरच्यांनी काय करावे?

पुडी सापडली त्या रात्री भांडू नका. दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारा : कधीपासून, किती, कोणासोबत, आणि गांजाच की आणखी काही? सोल्यूशन, गोळ्या, एमडी किंवा गर्द असेल तर उशीर करू नका. चारचौघांत ‘गर्दुल्ला’, ‘गांजाडी’ म्हणू नका. नाव पडले की पोरगा घरापासून तुटतो.

जिल्हा रुग्णालयात आणि मोठ्या सरकारी-पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. तिथला उपचार पुरेसा नसेल तर अनुदानित व्यसनमुक्ती केंद्रांचा पत्ता १४४४६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर मिळतो. मनावर ताण असेल तर टेली-मानसच्या १४४१६ वर कधीही बोलता येते. उपचाराची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला दिला आहे.

खासगी केंद्र निवडताना सांभाळा. केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, डॉक्टर येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे आधी पाहा. साखळीने बांधणे, मारणे, उपाशी ठेवणे हा उपचार नाही. साखळीने बांधण्याला तर हाच कायदा मनाई करतो.

पोरगा भास झाल्यासारखा वागत असेल, जिवाचे बरे-वाईट करण्याचे बोलत असेल, छातीत दुखत असेल, किंवा लहान मुलाने चुकून भांग खाऊन ते गुंगीत गेले असेल, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा. डॉक्टरांपासून काय घेतले ते लपवू नका.

वस्तीसाठीही एक काम आहे. विहारात किंवा समाजमंदिरात महिन्यातून एकदा मानसोपचार विभागाचे डॉक्टर किंवा समुपदेशक आणि विधी सेवा प्राधिकरणाचे वकील यांना बोलवा. नगरसेवकाकडे आपण गटार, पाणी, दिवे मागतो. त्या यादीत जवळच्या दवाखान्यात व्यसनमुक्ती समुपदेशकाची मागणीही लिहा. तो समुपदेशक वस्तीच्या हाकेवर असला, तर पुडी सापडलेल्या पोराची पहिली गाठ त्याच्याशी पडेल.